वस्तुस्थिती, तर्क, नियम आणि सिद्धांत
शेंदरी बोंडअळीच्या अनुभवावरून घ्यावयाचा बोध

शेतीविषयक नवी माहिती घेऊन ग्रामकार्यकर्ता गावात गेला म्हणजे त्याला एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते : "हे तुमचे सिद्धांतात ठीक आहे, पण शेतात चालावयाचे नाही." या वाक्यामागे पुष्कळसा अनुभव असतो व त्याचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु त्यात 'सिद्धांत' हा शब्द ज्या अर्थाने येतो, तो शास्त्रातील अर्थ नव्हे. बोलण्यात सिद्धांत म्हणजे पुस्तकातली गोष्ट किंवा कोणाची तरी कल्पना. शास्त्रात सिद्धांत म्हणजे अनेक ठिकाणी, अनेकांनी, अनेक वेळा पारखून घेतलेले कारणांचे स्पष्टीकरण. हा केवळ शब्दांचा वाद असता, तर त्यासाठी पत्रिकेची पाने खर्ची घालण्याचे प्रयोजन नव्हते. पण हा फरक ध्यानात न आल्याची किंमत कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी मोजलेली आहे, व तीत बीड जिल्ह्याचाही वाटा आहे.

सन २०१७ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यातील कापसावर शेंदरी म्हणजेच गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. गेवराईपासून धारूरपर्यंतच्या आपल्या कापूसपट्ट्यातही बोंडे वरून हिरवीगार दिसत होती आणि फोडली असता आतून पोखरलेली निघत होती. उभ्या पिकात नांगर घालण्याची पाळी अनेकांवर आली. असे का झाले, हे समजून घेताना शास्त्रातील चार मूलभूत शब्दांचा अर्थही उलगडतो. म्हणून हेच उदाहरण घेऊन आपण ते चार शब्द पाहू.

१. वस्तुस्थिती

जे पाहिले, मोजले किंवा तोलले, आणि दुसऱ्या कोणीही त्याच रीतीने पाहिले असता जे तसेच आढळेल, ती वस्तुस्थिती. "फुलाच्या पाकळ्या मिटून डोमकळी झालेली आहे", "वीस हिरवी बोंडे फोडली, त्यांपैकी पाचांत गुलाबी अळ्या निघाल्या", "कामगंध सापळ्यात काल रात्री अकरा पतंग पडले" ही वाक्ये वस्तुस्थिती सांगतात. "यंदा अळी फार आहे" हे वाक्य तसे नाही; कारण 'फार' म्हणजे किती, हे प्रत्येकाचे निराळे असते. "बियाणे बोगस निघाले" हे तर त्याहूनही वेगळे आहे. त्यात जे दिसले ते सांगितलेले नसून, त्याचे कारण काय असावे याविषयीचे मत सांगितलेले आहे.

वस्तुस्थिती गोळा करणे वाटते तितके सोपे नाही. शेंदरी बोंडअळीची पिले अंड्यातून निघताच बोंडात शिरतात आणि शिरल्याचे छिद्र थोड्याच वेळात बुजून जाते. बांधावरून पाहणाऱ्यास पीक उत्तम दिसते. बोंड फोडून पाहणे हाच खरा मार्ग. आणि बोंडेही शेताच्या एकाच कोपऱ्यातून न घेता सर्व भागांतून घ्यावी लागतात. जेथे निरीक्षण कच्चे असते, तेथे पुढचा सारा विचार कच्चा राहतो.

२. तर्क

वस्तुस्थिती पाहिल्यावर "असे का झाले?" हा प्रश्न आपोआप उठतो. त्याचे जे पहिले, अद्याप न पारखलेले उत्तर आपण देतो, तो तर्क. शास्त्रीय ग्रंथांत यास गृहीतक असेही म्हणतात. आपण बोलण्यात ज्याला 'थिअरी' म्हणतो, ते बहुधा शास्त्रातील तर्कच असते.

तर्क करणे हा दोष नाही. तर्काशिवाय शास्त्राचे एक पाऊलही पुढे पडत नाही. मात्र तर्क असा असावा की, तो खोटा असेल तर खोटा ठरविता यावा. २०१७ च्या प्रसंगी दोन तर्क समोर होते. पहिला असा की बियाणे बोगस आहे, म्हणजे त्यात बीटी जनुकच नाही. दुसरा असा की बियाण्यात जनुक आहे, पण शेंदरी बोंडअळी आता त्या विषाने मरेनाशी झाली आहे. दोन्ही तर्कांनी किडक्या बोंडाचा उलगडा होतो. मग निवड कशी करावयाची?

त्यासाठी प्रत्येक तर्क खरा धरून, "हे खरे असेल तर आणखी काय दिसले पाहिजे?" असे विचारावे. बीटीचे विष हिरव्या बोंडअळीस, ठिपक्यांच्या बोंडअळीस आणि शेंदरी बोंडअळीस अशा तिघींनाही मारक होते. बियाण्यात जनुकच नसेल, तर या तिन्ही अळ्या शेतात दिसल्या पाहिजेत. शेंदरी अळीच विषाला पचवू लागली असेल, तर पहिल्या दोघी न दिसता केवळ तिसरीच दिसली पाहिजे. प्रत्यक्षात प्रादुर्भाव मुख्यतः एकट्या शेंदरी अळीचा होता. हिरवी व ठिपक्यांची अळी बीटी कापसावर पूर्वीप्रमाणेच आटोक्यात होती. तेव्हा एकूण प्रदेशाच्या बाबतीत दुसरा तर्क टिकला आणि पहिला मागे पडला. एखाद्या शेतातील बियाणे खरोखरच निकृष्ट असू शकते, हे यामुळे खोटे ठरत नाही. त्या शेतापुरती तपासणी निराळी करावी लागते. पानातील बीटी विष ओळखणाऱ्या चाचणीपट्ट्याही त्यासाठी उपलब्ध झालेल्या आहेत.

३. नियम

'नियम' या शब्दाने आपल्याकडे मोठा घोटाळा होतो. कारण शासनाच्या आदेशासही आपण नियमच म्हणतो. शासनाचा नियम "असे करावे" असे सांगतो. तो मोडता येतो व मोडल्यास दंड होतो. निसर्गाचा नियम "असे होते" एवढेच सांगतो. तो मोडण्याचा प्रश्नच नसतो. ठरावीक परिस्थितीत ठरावीक गोष्ट ठरावीक प्रमाणात घडते, असे पुनःपुन्हा आढळून आले म्हणजे त्या विधानास शास्त्रात नियम म्हणतात.

ग्रेगोर मेंडेल याने आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग केले व ते १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. गोल दाण्याचा व सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा त्याने संकर केला. पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. ते दाणे पेरून आलेल्या पुढच्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० दाणे सुरकुतलेले निघाले. म्हणजे प्रमाण जवळजवळ तिनास एक असे पडले. पहिल्या पिढीत झाकलेला गुण दुसऱ्या पिढीत चौथ्या हिश्श्याने पुन्हा उघडा होतो, हा त्यावरून निघालेला नियम. संकरित बाजरीचे किंवा कापसाचे बी घरी राखून पुन्हा पेरू नये, असे शेतकऱ्यास सांगितले जाते, त्याचे मूळ येथेच आहे. पुढच्या पिढीत गुण फुटतात आणि पीक एकसारखे येत नाही.

नियम 'काय होते' व 'किती प्रमाणात होते' हे सांगतो. 'का होते' हे सांगण्याचे काम त्याचे नव्हे. मेंडेलला प्रमाण सापडले, पण ते तसे का पडते याचा पूर्ण उलगडा, पेशीतील गुणसूत्रांचा अभ्यास झाल्यावर, विसाव्या शतकाच्या प्रारंभी झाला.

नियमाला त्याची मर्यादाही असते. वाढीस लागणाऱ्या घटकांपैकी जो सर्वांत कमी पडतो, त्यावर उत्पन्न अडून राहते, हा लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम. आष्टी, पाटोदा या भागांतील हलक्या, उथळ जमिनीत पावसाने ताण दिला असता पाणीच कमी पडलेले असते. त्या वेळी युरियाचे आणखी एक पोते टाकल्याने बाजरी वाढत नाही, याचे कारण या नियमात दिसते. तरी हा नियम स्थूल आहे. कारण पाणी, अन्नद्रव्ये व जमिनीचा पोत यांचे एकमेकांवर परिणाम होत असतात. नियम वापरताना तो कोठवर लागू पडतो हे पाहिलेच पाहिजे.

४. सिद्धांत

अनेक वस्तुस्थितींना आणि नियमांना एका सूत्रात गोवून, त्या तशा का आहेत हे सांगणारे, आणि पुढे काय होईल याचे भाकीत करू शकणारे जे पारखलेले स्पष्टीकरण, तो सिद्धांत. काही ग्रंथकार यास उपपत्ती म्हणतात. सिद्धांत मोठा होऊन नियम बनत नाही आणि नियम लहान असताना सिद्धांत नसतो. दोहोंची कामे निराळी आहेत : नियम वर्णन करतो, सिद्धांत कारण सांगतो.

चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेला नैसर्गिक निवडीचा सिद्धांत शेतकऱ्यास समजण्यास कठीण नाही. बियाण्यासाठी बाजरीची टपोरी कणसे निवडून ठेवणारा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या निवडच करीत आला आहे. देवणी व लाल कंधारी ही मराठवाड्याची गोवंशे अशाच निवडीतून घडली. डार्विनचे म्हणणे असे की, निसर्गातही निवड होत असते. एकाच जातीच्या जीवांत थोडाथोडा फरक असतो. तो पिलांत उतरतो. आणि ज्याला परिस्थितीत तग धरता येतो, त्याचीच संतती पुढे अधिक होते. निवडणारा माणूसच असावा लागतो असे नाही. विषही निवड करते.

आता हा सिद्धांत कापसाच्या शेतास लावून पाहा. आपल्या शेजारच्या जालना येथील महिको या बियाणे कंपनीच्या तीन बीटी कापूस वाणांना केंद्र शासनाने मार्च २००२ मध्ये मान्यता दिली. दोन जनुके असलेले बीजी-२ हे वाण २००६ मध्ये आले. बीटी कापसात अळीला मारक असे विष झाडाच्या सर्व भागांत, सर्व हंगामभर असते. लाखो अळ्यांत एखादी अळी अशी असणार की, जिला ते विष बाधत नाही. सर्वत्र बीटीच असेल तर बाकीच्या मरतील, ही जगेल, आणि हिच्यासारख्यांचीच पुढची पिढी होईल. हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा, टोमॅटो अशी इतर पिकेही चालतात, त्यामुळे विष न खाल्लेल्या हिरव्या अळ्या शिवारात पुष्कळ राहतात. शेंदरी बोंडअळी मात्र जवळजवळ सर्वस्वी कापसावरच जगते. म्हणून निवडीचा सारा दाब तिच्यावर येतो. तिघींपैकी हीच अळी प्रथम का सुटली, याचा उलगडा हा सिद्धांत करतो.

५. मोडलेला नियम व न मोडणारा सिद्धांत

हे भाकीत शास्त्रज्ञांनी आधीच केले होते आणि त्यावर उपायही सांगितला होता. बीटी कापसाच्या भोवती बिगर-बीटी कापसाच्या पाच ओळी, किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल तितके आश्रय-पीक लावावे, अशी अट मान्यतेबरोबरच घालण्यात आली. शेतकरी त्यास 'रेफ्युजी' या नावाने ओळखतात. ४५० ग्रॅमच्या बीटी पिशवीबरोबर येणारे १२० ग्रॅमचे लहान पाकीट त्यासाठीच होते.

त्या पाकिटामागे डार्विनचा सिद्धांत आणि मेंडेलचा नियम हे दोन्ही होते. विष पचविण्याचा गुण सुरकुतलेल्या वाटाण्याप्रमाणे झाकला जाणारा आहे, असे धरले होते. आश्रय-पिकावर साध्या, विषाने मरणाऱ्या अळ्यांचे पतंग पुष्कळ तयार होतात. बीटीवर वाचलेल्या एखाद्या पतंगाचा मेळ अशा साध्या पतंगाशी झाला की, पिलांमध्ये तो गुण झाकलेला राहतो आणि ती पिले बीटीवर मरतात. आश्रय-पीक नसेल तर वाचलेल्याचा मेळ वाचलेल्याशीच होतो व सगळी पिले विष पचविणारी निपजतात.

पण झाले काय? ते पाकीट पुष्कळांनी बांधावर टाकून दिले. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यास पाचव्या हिश्श्यावर अळीला मुद्दाम पोसणे हे वेडेपणाचे वाटले, तर त्यात नवल नाही. शिवाय त्या बियाण्याचे पीक कमी येई आणि फवारणी अधिक लागे. या बाबतीत दोष केवळ शेतकऱ्याचा नव्हे. आपण ग्रामकार्यकर्त्यांनी "पाच ओळी लावा" हा नियम सांगितला; त्यामागील सिद्धांत सांगितला नाही. ज्याचे कारण समजलेले नाही, तो नियम सोयीनुसार मोडला जातो. शासनाचा नियम मोडता आला; निसर्ग मात्र सिद्धांतात सांगितल्याप्रमाणेच वागला. गुजरातेतील काही जिल्ह्यांत पहिल्या बीटी वाणांवर शेंदरी अळी जगत असल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे काही वर्षांतच बीजी-२ वरही ती जगू लागल्याचे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना आढळले; आणि २०१७ ची गोष्ट आपण पाहिलीच.

हीच अळी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातही होती. तेथे बीटी कापूस १९९६ मध्ये आला. शेतकऱ्यांनी बहुतांशी आश्रय-पीक राखले व अळी दीर्घकाळ विषाला बळी पडत राहिली. पुढे २००६ पासून वंध्य केलेले पतंग मोठ्या प्रमाणावर सोडण्यात आले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस प्रदेशातून शेंदरी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे तेथील शासनाने जाहीर केले. तेथील जमीनधारणा व साधने निराळी आहेत, हे खरे. पण कीड तीच आणि सिद्धांतही तोच होता.

६. सिद्धांत बदलतो काय?

बदलतो, आणि तसा बदलता येणे हेच त्याचे बळ आहे. नवी वस्तुस्थिती पुढे आली की शास्त्रज्ञ सिद्धांताचा तपशील सुधारतात. आपल्याकडील बीटी कापूस संकरित आहे. त्यामुळे मेंडेलच्या नियमानुसार पहिल्या बीटी वाणांच्या बोंडातील सुमारे चौथा हिस्सा सरकीत विष नसते. शेंदरी अळी तर सरकीच खाते. काही दाणे विषारी व काही बिनविषारी अशा मिश्रणावर वाढल्याने अळीची सहनशक्ती लवकर वाढली असावी, असे काही शास्त्रज्ञांनी मांडले आहे. हे म्हणणे संपूर्ण सिद्धांताच्या तोडीचे नाही. त्याची पारख चालू आहे. पण अशा रीतीनेच ज्ञानात भर पडते. "शास्त्रज्ञ मत बदलतात, मग त्यांचे कशाला ऐकावे?" असे कोणी म्हणाल्यास त्यास सांगावे की, पुराव्यावरून मत बदलणारा मनुष्य अधिक भरवशाचा असतो.

७. शेतात करावयाचे काम

वरील विवेचनातून पुढील कामे निघतात. प्रत्येकापुढे त्याचे कारण दिले आहे; गावात सांगताना कारण वगळू नये.

(अ) सरकीची लागवड मे महिन्यात करू नये. लवकर आलेली फुले पहिल्या पतंगांना आयते घर देतात.

(आ) हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून पतंग रोज मोजावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग पडले, किंवा वीस बोंडांत दोन अळ्या आढळल्या, म्हणजे उपाय योजण्याची वेळ झाली असे समजावे. मोजल्यावाचून केलेली फवारणी पैसा व मित्रकिडी दोन्ही घालविते.

(इ) फरदड ठेवू नये. डिसेंबरअखेर पीक संपवावे, शेतात शेळ्यामेंढ्या बसवाव्यात आणि पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर ठेवू नयेत. अळी सरकीत व वाळक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते. तिला चार-पाच महिने अन्न न मिळाल्यास तिची साखळी तुटते.

(ई) बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या नव्या पिशवीत बिगर-बीटी बी मिसळूनच येते. ही झाडे वेगळी ओळखू आल्यास उपटून टाकू नयेत. त्यांचे काम वर सांगितले आहे.

८. गावबैठकीसाठी अभ्यास

ग्रामकार्यकर्त्यांनी पुढील विधाने बैठकीत वाचून दाखवावीत, आणि प्रत्येक विधान वस्तुस्थिती, तर्क, नियम व सिद्धांत यांपैकी कशात मोडते ते शेतकऱ्यांनाच ठरवू द्यावे.

पहिले : "काल आमच्या पर्जन्यमापकात २२ मिलिमीटर पाऊस पडला." ही वस्तुस्थिती आहे.

दुसरे : "नक्षत्राचे वाहन बेडूक असले म्हणजे पाऊस चांगला होतो." हा तर्क आहे. त्याची पारख करण्यास पंचांग व गावच्या पावसाची नोंदवही एवढे साहित्य पुरते. दहा वर्षांची नोंद समोर मांडावी आणि वाहनाप्रमाणे पाऊस पडला किंवा नाही ते सर्वांनी मिळून पाहावे.

तिसरे : "हातावरील नारळ उभा राहिला, तेथे पाणी लागते." हाही तर्कच, आणि यापायी बीड जिल्ह्यात कर्ज काढून कूपनलिका घेतल्या जातात. म्हणून तो नीट पारखावा. लागलेल्या कूपनलिका सर्वांच्या लक्षात राहतात, कोरड्या गेलेल्या विस्मरणात जातात. गावातील सर्व कूपनलिका मोजाव्यात : नारळावरून घेतलेल्या किती, त्यांपैकी पाणी किती ठिकाणी लागले, आणि नारळाशिवाय घेतलेल्या किती, त्यांपैकी किती ठिकाणी लागले. दोन्ही प्रमाणे शेजारी मांडली म्हणजे उत्तर गावालाच मिळेल.

चौथे : "संकरित बाजरीचे घरचे बी पेरले तर पुढच्या पिकात गुण फुटतात." हे नियमास धरून आहे.

पाचवे : "एकच कीटकनाशक सतत वापरल्यास त्याने न मरणारी कीड वाढीस लागते." हे सिद्धांतावरून केलेले भाकीत आहे. बोंडअळीच्या बाबतीत ते आपण प्रत्यक्ष पाहिले. तुडतुडे व पांढरी माशी यांच्या बाबतीत ते पाहण्याची पाळी येऊ नये, यासाठी कीटकनाशके आलटून पालटून वापरावीत.

बैठकीच्या शेवटी एका शेतकऱ्याकडे सापळ्यांच्या नोंदीची व एकाकडे पावसाच्या नोंदीची वही द्यावी. तारीख, आकडा आणि नोंद घेणाऱ्याची सही एवढे तीन रकाने पुरेत. पुढील हंगामापूर्वी त्या वह्या पुन्हा बैठकीत उघडाव्यात आणि त्या वर्षीच्या चर्चेस तेथून आरंभ करावा.